कोकणच्या दमट हवेत पेप्टाइडची पावडर विरघळवताना

जुलैतल्या दुपारी रत्नागिरीत तापमान २८ अंश आणि आर्द्रता ९० टक्के असली, तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. म्हणजे २६ अंशांहून गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर हवेतलं पाणी बसणार. उणे २० अंशांच्या फ्रीझरमधून काढलेली बोटाच्या पेराएवढी वायल, म्हणजे काचेची छोटी कुपी, तुम्ही तशीच उघडलीत, तर आतल्या मिलिग्रॅमभर पावडरीवर काय होईल हे वेगळं सांगायला नको. पुण्याच्या किंवा हैदराबादच्या लॅबमध्ये शिकून आलेली मुलं म्हणतात, "तिकडे दहा मिनिटं बाहेर ठेवून उघडायचो, मॅडम." तिकडे चालत असेल. इथे समुद्र खिडकीत आहे.

हे लिहितेय ते मुख्यतः एमएस्सीच्या प्रोजेक्टला बसलेल्या पोरापोरींसाठी. आमच्याकडे कोळंबीच्या तळ्यांतून येणाऱ्या व्हिब्रिओ जिवाणूंवर काम चालतं आणि त्यासाठी जिवाणूनाशक पेप्टाइडं, म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या, लागतात. उदाहरण म्हणून मी सगळीकडे मॅगेनिन-२ घेते. १९८७ साली मायकेल झासलॉफ यांनी ते झेनोपस नावाच्या आफ्रिकन बेडकाच्या कातडीतून वेगळं केलं. शस्त्रक्रिया करून साध्या, अस्वच्छ टाकीत सोडलेल्या बेडकांच्या जखमा चिघळत कशा नाहीत, या प्रश्नातून तो शोध लागला. २३ अमिनो आम्लांची ही साखळी, रेणुभार सुमारे २४६७. आता ते बेडकातून कुणी काढत नाही, यंत्रावर एकेक अमिनो आम्ल जोडून बनवतात. ती रीत ब्रूस मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये मांडली आणि १९८४ चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं.

मागवताना

अर्धं काम ऑर्डर देतानाच होतं किंवा बिघडतं. ५ मिलिग्रॅमची एक वायल स्वस्त पडते म्हणून मागवू नका. १ मिलिग्रॅमच्या पाच मागवा. चार पैसे जास्त जातील, पण आपल्याकडे वायल एकदाच उघडायची असते. एकदा उघडली की ती संपली असं धरायचं. मोठ्या वायलमधून थोडी पावडर तोलून काढू आणि बाकीची परत ठेवू, हा बेत पावसाळ्यात तर सोडूनच द्या. पावडर स्थिर विजेने स्पॅच्युलाला चिकटते, तराजूचा आकडा पंख्याच्या वाऱ्याने हलतो आणि तोलता तोलता ती ओलावा पिऊन जड होते. पंख्याखाली उघड्यावर ठेवलेला उडदाचा पापड जुलैत जसा हातात घेईपर्यंत मऊ पडतो, तशीच ही पावडर. फरक एवढाच की पापड परत भाजता येतो.

कंपनीला दोन गोष्टी लेखी विचारा. वायलवर लिहिलेलं १ मिलिग्रॅम हे एकूण वजन आहे की निव्वळ पेप्टाइडचं? आणि निव्वळ पेप्टाइडचं प्रमाण किती टक्के? याचं उत्तर आलं नाही तर पुढचं सगळं गणित हवेत आहे.

आणि पार्सल कधी निघणार ते बघा. गणपतीच्या आधीच्या आठवड्यात मागवू नका. मुंबई-गोवा महामार्गावर तेव्हा काय असतं ते तुम्हाला माहीत आहे, आणि पार्सल पोचलं तरी घ्यायला लॅबमध्ये कोणी नसतं. सगळे आपापल्या गावी आरतीत. भर पावसात घाटात दरड आली की तीच गत. त्यातल्या त्यात दिलासा असा की सुकवलेली पावडर दोन-चार दिवस साध्या तापमानाला तग धरते. वायल घट्ट बंद आणि कोरडी असेल तर बर्फाच्या पिशव्या वितळल्या म्हणून पार्सल परत पाठवायची गरज नाही. विरघळवलेलं पेप्टाइड मात्र असं दिवसेंदिवस फिरवता येत नाही. म्हणून ते पावडरीतच मागवायचं.

पावडर म्हणजे नक्की काय

एक मुलगी पहिल्यांदा वायल हातात घेऊन माझ्याकडे आली. "मॅडम, रिकामी पाठवलीय."
"रिकामी नाहीये, बाय. ट्यूबलाइटकडे तिरकी धर."
तेव्हा कुठे तिला तळाच्या कडेला चिकटलेला पांढुरका पापुद्रा दिसला, कोळ्याच्या जाळ्याच्या जाडीचा. १ मिलिग्रॅम म्हणजे एवढंच. काही पेप्टाइडं कापसासारखी फुललेली येतात, काही काचेला फिल्मसारखी चिकटून येतात. दिसण्यावरून माल कमी-जास्त ठरवू नका.

ही पावडर गोठवून सुकवलेली असते. आधी द्रावण बर्फ करायचं, मग हवेचा दाब इतका उतरवायचा की बर्फ पाणी न होताच वाफ होऊन जातो. त्यासाठी पाण्याच्या वाफेचा दाब ६११ पास्कलच्या खाली न्यावा लागतो. बर्फ जिथे होता तिथे बारीक पोकळ्या उरतात. त्यामुळे पावडर झटकन विरघळते, आणि त्याच पोकळ्यांमुळे ती हवेतलं पाणी झटकन ओढतेही. गुण आणि खोड एकाच कारणाने.

त्या पापुद्र्यात नुसतं पेप्टाइड नसतं. साखळी ज्या रेझिनच्या मण्यांवर जोडत नेतात त्यांवरून सोडवताना ट्रायफ्लुओरोॲसेटिक ॲसिड वापरतात आणि एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, शुद्ध करतानाही तेच पाण्यात असतं. तोंडाने टीएफए म्हणतो आपण. पेप्टाइडवर जितके धन प्रभार, तितके टीएफएचे रेणू मीठ होऊन त्याला चिकटतात. मॅगेनिन-२ चंच बघा. चार लायसिन, एक हिस्टिडिन आणि साखळीचं मोकळं अमिनो टोक, म्हणजे आम्लात एकूण सहा धन प्रभार. टीएफएचा रेणुभार ११४, सहांचे ६८४. २४६७ मध्ये ६८४ मिळवले की ३१५१. म्हणजे पाणी शून्य धरलं तरी पावडरीत पेप्टाइड ७८ टक्केच. त्यात थोडा ओलावा असतोच. मग कागदावर ७४ टक्के आलं तर कंपनीने फसवलं असं समजू नका, ते प्रामाणिक आहेत.

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो शुद्धतेच्या आकड्याने. कागदावर ठळक छापलेलं असतं '९५ टक्के शुद्ध'. ती एचपीएलसीची शुद्धता. वायलमधल्या पेप्टाइडांपैकी तुम्हाला हवं ते किती आणि तुटक्या-फुटक्या साखळ्या किती, एवढंच ती सांगते. मीठ आणि पाणी त्या यंत्राला या आलेखात दिसतच नाहीत. ९५ टक्के शुद्ध आणि ७४ टक्के निव्वळ हे दोन्ही एकाच वायलबद्दल एकाच वेळी खरं असतं.

गणित आधी, वायल नंतर

वायल फ्रीझरबाहेर येण्याआधी वहीत हे लिहून झालेलं पाहिजे.

एकूण वजन १ मिलिग्रॅम, निव्वळ ७४ टक्के, म्हणून पेप्टाइड ०.७४ मिलिग्रॅम. भागिले २४६७, म्हणजे ०.३ मायक्रोमोल. १ मिलिमोलरचा (लिटरला १ मिलिमोल) स्टॉक, म्हणजे साठवायचं मूळ द्रावण, हवं असेल तर ३०० मायक्रोलिटर द्रव घालायचा. निव्वळ टक्का विसरून पूर्ण १ मिलिग्रॅम धरलात तर गणित ४०५ मायक्रोलिटर सांगेल आणि तुमचा '१ मिलिमोलर' प्रत्यक्षात ०.७४ असेल. मग एमआयसीचा, म्हणजे जिवाणूंची वाढ थांबवणाऱ्या कमीत कमी प्रमाणाचा, आकडा एक तृतीयांशाहून जास्त फुगतो आणि मुलं जिवाणू चिवट आहे असं थिसिसमध्ये लिहून मोकळी होतात.

सोबतच प्रभार मोजा. लायसिन, आर्जिनिन आणि मोकळं अमिनो टोक यांना प्रत्येकी अधिक एक. ॲस्पार्टिक, ग्लुटामिक आणि मोकळं कार्बॉक्सिल टोक यांना वजा एक. टोक अमाइड करून मागवलं असेल तर ते वजा एक धरायचं नाही. हिस्टिडिन साध्या पाण्यात जवळपास शून्य, आम्लात अधिक. मॅगेनिनचं उत्तर येतं अधिक तीन. मधमाशीच्या विषातलं मेलिटिन २६ अमिनो आम्लांचं आणि टोक अमाइडचं, त्याचं अधिक सहा. आपल्या शरीरातलं एलएल-३७, तेही अधिक सहा.

बेरीज धन आली तर आधी साधं निर्जंतुक पाणी. नाहीच विरघळलं तर पातळ ॲसेटिक ॲसिड. बेरीज ऋण आली तर पाणी, मग पातळ अमोनियम बायकार्बोनेट. साखळीत सिस्टीन असेल तर मात्र अल्कलीच्या वाटेला जाऊ नका, दोन सिस्टीन एकमेकांना धरून बसतात. बेरीज शून्याच्या आसपास आणि साखळीत ल्युसिन, आयसोल्युसिन, व्हॅलिन, फेनिलॲलनिन यांची रांग, असं असेल तर ते पाण्याला दाद देणार नाही. तिथे थोड्याशा डीएमएसओ नावाच्या सेंद्रिय द्रावकात विरघळवून मग थेंब थेंब पाण्यात सोडायचं. उलटं, म्हणजे पाणी त्याच्यात ओतायचं नाही, गठ्ठे होतात. डीएमएसओला एक पथ्य आहे. मेथिओनिन, सिस्टीन असलेल्या पेप्टाइडला ते ऑक्सिडाइझ करू शकतं. अशा वेळी डीएमएफ हे दुसरं द्रावक बरं. मॅगेनिनमध्ये मेथिओनिन आहे, पण ते पाण्यातच विरघळतं, प्रश्न येत नाही.

पीबीएस, म्हणजे फॉस्फेटचं खारं बफर, पहिल्या फटक्यात कधीच नको. मिठामुळे विरघळणं कमी होतं, आणि बफर घातल्यावर विरघळलं नाही तर सुधारायला जागा उरत नाही. पाण्यात आधी, बफर मागाहून, प्रयोगाच्या दिवशी.

पाण्याबद्दल जरा जास्त बोलते, कारण आपल्याकडे तिथेच घोळ होतो. खाडीकाठच्या बोअरवेलला उन्हाळ्यात खारं पाणी लागतं, आणि जांभ्यातून येणाऱ्या पाण्यात लोह असतं. डिस्टिलेशनच्या यंत्राला आतून पिवळट थर धरलेला असेल आणि ते उकळून उडत असेल, तर थेंबांबरोबर थोडं थोडं सगळं पलीकडे येतं. लोहाचा अंशही मेथिओनिनच्या ऑक्सिडेशनला हातभार लावतो. चांगलं शुद्ध पाणी ऑटोक्लेव्ह करून ताजं घ्या. तेवढी सोय नसेल तर केमिस्टकडे मिळणाऱ्या काचेच्या ॲम्प्युलमधलं निर्जंतुक पाणी घ्या, एका वायलला एक ॲम्प्युल, उरलेलं टाकून द्या. फक्त त्यावर नीट वाचा. काही बाटल्यांत पाणी टिकावं म्हणून ०.९ टक्के बेंझिल अल्कोहोल असतं. जिवाणू मारणारं द्रव्य आधीच पाण्यात असेल तर तुम्ही पेप्टाइड तपासताय की बेंझिल अल्कोहोल?

हे बेंझिल अल्कोहोलवालं पाणी निघालंच आहे तर एक गोष्ट सांगून टाकते. आमच्या आळीतल्या जिममध्ये जाणारा एक मुलगा मला गाठून विचारत होता, "ताई, पेप्टाइडची वायल नेटवर मिळते, कशात मिसळून टोचायची?" मी त्याला म्हटलं, "टोचायची नाहीच." 'संशोधनासाठी, मानवी वापरासाठी नाही' असं त्या वायलवर छापलेलं असतं ते कायद्याची पळवाट म्हणून वाचू नका. ९५ टक्के शुद्ध म्हणजे उरलेले ५ टक्के काय आहेत ते कोणी तपासलेलं नाही. ती वायल निर्जंतुक नसते, जिवाणूंच्या विषासाठी पारखलेली नसते. या लेखातलं काहीही माणसाच्या किंवा घरच्या जनावराच्या अंगात जाणाऱ्या गोष्टीसाठी नाही. पुढे चला.

उघडणं

आदल्या दिवशी डेसिकेटर, म्हणजे ओलावा शोषणारी जेल ठेवलेलं घट्ट झाकणाचं काचेचं भांडं, तयार ठेवा. सिलिका जेल निळी हवी. गुलाबी पडलेली असेल तर ती नुसती शोभेची. ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांना दोन-तीन तास ठेवून परत निळी करून घ्या. नारिंगी प्रकारची असेल तर ती ओली झाल्यावर हिरवट होते. झाकणाच्या कडेला ग्रीस लावून फिरवून बघा, काच सगळीकडे पारदर्शक दिसली पाहिजे. पांढरे पट्टे राहिले तर तिथून हवा जाते.

लॅबचा एसी तासभर आधी लावा. गारव्यापेक्षा हवा सुकवायला तो हवा. २४ अंश आणि ६० टक्के आर्द्रता आली की दवबिंदू १६ अंशांपर्यंत उतरतो, म्हणजे तुमच्या हातात जरा तरी अवकाश येतो. आर्द्रता दाखवणारं घड्याळासारखं यंत्र ऑनलाइन स्वस्तात मिळतं, भिंतीला लावून टाका. अंदाजपंचे नको.

वायल फ्रीझरमधून काढून थेट डेसिकेटरमध्ये, बंदच्या बंद. तासभर हात लावायचा नाही. त्या तासात लायब्ररीत जा, डबा खा. वायलची काच बाहेरून कोरडी आहे आणि गालाला लावली तर गार लागत नाही, अशी झाली की काढा. मग छोट्या सेंट्रिफ्यूजमध्ये मिनिटभर फिरवून घ्या. प्रवासात पावडर झाकणाला जाऊन बसलेली असते, आणि झाकण उघडलं की पहिली तीच उडते. वायल सेंट्रिफ्यूजच्या भोकात बसत नसेल तर ५० मिलिलिटरच्या नळीत खाली टिश्यू कोंबून तिच्यात उभी करा.

उघडायच्या आधी पिपेटमध्ये पाणी भरून तयार ठेवा. पंखा बंद. झाकण काढलं की ३०० पैकी आधी २४० मायक्रोलिटरच घाला. कडेने गोल फिरवत, काचेवरून ओघळू द्या, म्हणजे भिंतीला चिकटलेलंही धुऊन खाली येतं. झाकण लावा. आता वायल तळव्यांमध्ये धरून हळू वळायची. व्हॉर्टेक्सवर (नळी थरथरवून ढवळणाऱ्या यंत्रावर) दणदणा फिरवू नका, फेस होतो, आणि फेसाच्या पृष्ठभागावर पेप्टाइड जाऊन अडकतं. दहा मिनिटं ठेवा, पुन्हा वळा.

मग बघा. काळ्या कागदासमोर धरून, बाजूने मोबाइलचा टॉर्च. स्वच्छ द्रावणात प्रकाशाची रेघ दिसत नाही किंवा अगदी पुसट दिसते. दुधट, धुरकट, तंतू तरंगणारं असेल तर ते विरघळलेलं नाही, नुसतं पसरलेलं आहे. थोडा वेळ सोनिकेटरच्या (ध्वनिलहरींनी हलवणाऱ्या यंत्राच्या) बाथमध्ये धरा, पण बाथमध्ये बर्फ टाका, ते पाणी तापत जातं. तरीही नाही तर ॲसेटिक ॲसिड १० टक्क्यांचं, ५-५ मायक्रोलिटरने. जे काही घातलंत ते लगेच वहीत लिहा, कारण शेवटी एकूण ३०० करायचे आहेत आणि कंट्रोलमध्ये तेवढंच ॲसिड पेप्टाइडशिवाय लावायचं आहे. ॲसेटिक ॲसिडही जिवाणू मारतं. लोणच्याच्या बरणीला ते केव्हापासून माहीत आहे. राखून ठेवलेले ६० मायक्रोलिटर याचसाठी होते. स्वच्छ झालं की उरलेलं पाणी घालून ३०० पुरे करा.

पीएच बघायला इलेक्ट्रोड बुडवू नका, माल वाया जाईल. टोकावरचा एक थेंब पीएचच्या कागदावर. टीएफएमुळे द्रावण आंबट येणं साहजिक आहे. जिवाणूंच्या कामात पुढे पातळ करताना ते सहसा दबून जातं. पेशींवर काम असेल तर मात्र टीएफए काढून ॲसिटेट किंवा क्लोराइड करून द्या असं ऑर्डर देतानाच सांगायला हवं.

खरंच किती आहे ते तपासणं

ट्रिप्टोफॅन किंवा टायरोसिन असलेल्या पेप्टाइडचं काम सोपं. २८० नॅनोमीटरच्या प्रकाशाचं शोषण, ट्रिप्टोफॅनचे ५५०० आणि टायरोसिनचे १४९० धरून मोजायचं. मेलिटिनमध्ये एक ट्रिप्टोफॅन आहे, म्हणून त्याचं १ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटरचं द्रावण १ सेंटिमीटरच्या क्युव्हेटमध्ये (मोजणीच्या चौकोनी नळीत) १.९ च्या आसपास वाचन देतं. मॅगेनिनमध्ये दोन्हीपैकी एकही नाही. २८० ला शून्य आलं म्हणून घाबरू नका आणि दुसरी वायलही फोडू नका. २१४ किंवा २०५ नॅनोमीटरला साखळीचे बंधच प्रकाश शोषतात, तिथे मोजा. क्वार्ट्झची क्युव्हेट लागते, प्लॅस्टिकची नाही, आणि ब्लँकमध्ये तेच पाणी, तेच ॲसिड. अचूक आकडा हवाच असेल तर अमिनो आम्लांचं विश्लेषण बाहेरून करून घ्यावं लागतं. एमएस्सीला तेवढं लागत नाही, पीएचडीला मी आग्रह धरते.

नळ्या आणि फ्रीझर

स्टॉक सगळा एका नळीत ठेवून रोज वितळवायचा आणि परत गोठवायचा, ही सवय कोणी लावली देव जाणे. दर वेळी थोडं पेप्टाइड गठ्ठा होतं, थोडं नळीला बसतं. ५० मायक्रोलिटरच्या पाच नळ्या करा, उरलेल्यात त्याच दिवशीचा प्रयोग. नळ्या प्रथिनं कमी चिकटणाऱ्या प्लॅस्टिकच्या घ्या. धन प्रभाराची पेप्टाइडं काचेला आणि पॉलिस्टायरिनला आवडीने चिकटतात, पातळ द्रावणात तर जास्तच. एमआयसीच्या प्लेटसुद्धा म्हणूनच पॉलिप्रॉपिलिनच्या. पुढे पातळ करायला ०.०१ टक्के ॲसेटिक ॲसिड आणि ०.२ टक्के बीएसए (गायीच्या रक्तातलं अल्ब्युमिन प्रथिन) घालतात तेही त्याचसाठी, प्लॅस्टिकच्या भिंती आधी बीएसएने व्यापून टाकायच्या.

पीबीएसमध्ये गोठवू नका. गोठताना सोडियम फॉस्फेटचा एक भाग आधी स्फटिक होऊन बाजूला पडतो आणि उरलेल्या द्रावणाचा पीएच चांगलाच घसरतो. पाण्यात किंवा पातळ ॲसेटिक ॲसिडमध्येच बरं.

लेबलवर नाव, बॅच, किती मिलिमोलर, कशात, तारीख, तुमची आद्याक्षरं. बॉलपेन चालत नाही, दमट फ्रीझरमध्ये शाई फुटते. मास्किंग टेप दुसऱ्या आठवड्यात गळून पडते आणि मग तळाशी पाच बेवारस नळ्या. अल्कोहोलने न पुसणारं क्रायो मार्कर घ्या आणि नंबर झाकणावरही लिहा.

फ्रीझर घरगुती 'फ्रॉस्ट-फ्री' असेल तर तो दिवसातून मधूनमधून स्वतःला गरम करून बर्फ काढतो. तुमच्या नळ्यांची त्यात फुकट ये-जा होते. साधा, बर्फ धरणारा डीप फ्रीझर चांगला, आणि त्यात नळ्या मागच्या कोपऱ्यात. दरवाजाजवळ आइसपॅक. न उघडलेल्या वायल सिलिका जेलच्या पुडीसह झिपच्या दोन पिशव्यांत, उणे २० ला, उणे ८० असेल तर तिथे.

लाइटचं काय करायचं ते प्रत्येक लॅबने आधीच ठरवून ठेवावं. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आलं, तेव्हा रायगड-रत्नागिरीतल्या कितीतरी गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. तेवढ्याला कुठलाही इन्व्हर्टर पुरत नाही. पण रोजच्या दोन-चार तासांना उपाय आहे. फ्रीझर भरलेला ठेवा, मोकळी जागा असेल तर पाण्याच्या बाटल्या गोठवून भरा. लाइट गेली की दार उघडायचं नाही, 'जरा बघते' म्हणूनही नाही. आणि आत एका कपात पाणी गोठवून त्याच्या बर्फावर एक रुपयाचं नाणं ठेवा. सुट्टीवरून आल्यावर नाणं वरच असेल तर ठीक, बर्फात खाली गेलेलं दिसलं तर मधे सगळं वितळून परत गोठलंय. मग द्रावणाच्या नळ्यांवर भरवसा ठेवू नका. पावडरीच्या वायल बहुतेक वाचलेल्या असतात.

प्रयोगाच्या दिवशी

नळी बर्फात वितळवा, वितळली की चिमटीत धरून हळू उलटसुलट करा आणि क्षणभर सेंट्रिफ्यूज. १ मिलिमोलर मॅगेनिन म्हणजे मिलिलिटरला सुमारे २४६७ मायक्रोग्रॅम. प्लेटमध्ये सगळ्यात वरचा कप्पा मिलिलिटरला १२८ मायक्रोग्रॅमचा हवा असेल आणि ९० मायक्रोलिटर जिवाणूंत १० पेप्टाइड घालायचं असेल, तर दसपट म्हणजे १२८० चं द्रावण लागतं. १०० मायक्रोलिटर करायला ५२ स्टॉक, ४८ पातळ करायचं द्रावण. तिथून पुढे निम्मं-निम्मं.

व्हिब्रिओवाल्यांनी एक लक्षात ठेवायचं. या जिवाणूंना माध्यमात मीठ लागतं, आणि मिठाने मॅगेनिनसारख्या पेप्टाइडांचा जोर कमी होतो, कारण ती प्रभाराच्या ओढीनेच जिवाणूच्या भिंतीला जाऊन चिकटतात आणि मिठाचे आयन मधे येतात. खाऱ्या माध्यमातला आकडा बिनमिठाच्या माध्यमातल्या आकड्याशी ताडून बघायला जाऊ नका. तुलना करायची तर मीठ तेवढंच ठेवून.

आणि दर वेळी एका रांगेत ई. कोलाय एटीसीसी २५९२२ हा तुलनेसाठीचा ठरलेला जिवाणू लावा, साध्या माध्यमात, त्याच नळीतलं पेप्टाइड घेऊन. वायल नवी असताना आलेला त्याचा आकडा फ्रीझरच्या दारावर लिहून ठेवा. पुढच्या नळ्यांना एका पायरीचा, म्हणजे दुपटीचा किंवा निमपटीचा, फरक चालतो. दोन पायऱ्या वर सरकल्या, तर त्या बॅचच्या उरलेल्या नळ्या ऑटोक्लेव्हच्या पिशवीत टाकायच्या, वहीत तशी नोंद करायची आणि डेसिकेटरची जेल निळी आहे का ते बघून नवी वायल काढायची.